नवोदितांची पॉवरलिफ्टिंग स्पर्धा भरवणाऱ्या संयोजकांना आणि पंचांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

नवोदितांची स्पर्धा जाहीर झाली की तुमच्याकडे दोन तऱ्हेच्या सूचना येऊ लागतात. काही जण म्हणतात, मुले-मुली नवीन आहेत, स्क्वॉटच्या डेप्थचे, म्हणजे किती खाली बसायचे त्याचे, जरा सांभाळून घ्या. काही जण म्हणतात, नियम तो नियम, ज्याला झेपेल तो टिकेल. आम्ही प्रशिक्षक आहोत, पंच आहोत, प्लॅटफॉर्मवर प्लेटा चढवणारेही आमच्यात आहेत, आणि आम्हाला या दोन्ही सूचना मान्य नाहीत. डेप्थ सैल केली तर त्या दिवशी सगळे खूश होतात आणि पुढच्या स्पर्धेत तोच लिफ्टर त्याहून कमी वजनावर तीन लाल दिवे, म्हणजे तिन्ही पंचांचा नकार, घेऊन बाहेर पडतो. पण नियम कडक ठेवून बाकी सगळे नवोदितावर सोडून देणे हाही अन्यायच आहे. नियम आहेत तसेच ठेवा. त्यांच्याभोवतीची व्यवस्था मात्र पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या मापाने बसवा. ती कशी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन खाली बसून उठणे), बेंच (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभे राहणे) अशा तीन उचली, प्रत्येकीचे तीन प्रयत्न, असे एकूण नऊ प्रयत्न प्रत्येकाला मिळतात. एखाद्या उचलीत तिन्ही प्रयत्न बाद झाले की टोटल, म्हणजे तिन्ही उचलींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज, लागत नाही. यालाच आपण ‘बॉम्ब होणे’ म्हणतो. नवोदित बॉम्ब होतात तेव्हा त्यांची ताकद क्वचितच कमी पडलेली असते. ओपनर, म्हणजे पहिल्या प्रयत्नाचे वजन, जड निवडलेला असतो, पंचांच्या आज्ञा माहीत नसतात, वॉर्म-अप अर्धवट झालेला असतो किंवा रॅकची, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडची, उंची चुकलेली असते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर संयोजकांना आधीच उपाय करता येतो.

सुरुवात स्पर्धेच्या तीन आठवडे आधी पाठवायच्या पत्रकापासून होते. त्यात वेळ आणि ठिकाण यांच्याबरोबर साहित्याची मापे लिहा. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या क्लासिक प्रकारात, म्हणजे उचलीला जोर देणारे खास पोशाख न घालता खेळायच्या प्रकारात, बेल्ट जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर रुंद आणि 13 मिलिमीटर जाड चालतो. व्यायामशाळांमध्ये सर्रास दिसणारा, पाठीशी रुंद आणि पुढे निमुळता, आतून गादी लावलेला बेल्ट साहित्य-तपासणीत बाद होतो, आणि मग तो लिफ्टर स्क्वॉट बेल्टाशिवाय मारतो किंवा कुणाचा तरी मागून आणलेला, भलत्याच भोकावर बसणारा बेल्ट बांधतो. गुडघ्यावर चढवायच्या नी-स्लीव्ह 7 मिलिमीटर जाडीपर्यंत आणि 30 सेंटिमीटर लांबीपर्यंत. गुडघ्याला गुंडाळायचे रॅप क्लासिकमध्ये नाहीत. मनगटाचे रॅप 1 मीटर लांब आणि 8 सेंटिमीटर रुंद, त्याहून मोठे नकोत. सिंगलेटच्या, म्हणजे अंगाबरोबरच्या एकसंध पोशाखाच्या, आत घट्ट कॉम्प्रेशन शॉर्ट घालून येणारे पुष्कळ असतात. ते चालत नाही, साधी अंतर्वस्त्रे लागतात, हे स्पष्ट शब्दांत लिहा. डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे सक्तीचे आहेत आणि ते नी-स्लीव्हला टेकता कामा नयेत. तपासणीच्या टेबलावर लांब मोज्यांच्या दहा-बारा नव्या जोड्या ठेवा. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून कुणाला परत पाठवावे लागू नये.

याच पत्रकात आणखी एक वाक्य घाला: डेडलिफ्टला पकडीला मदत करणारे मनगटाचे पट्टे आणि हुक चालत नाहीत. वर्षभर पट्टे लावून ओढणाऱ्याची पाठ 180 किलोला तयार असते, पण बोटे 150 वर उघडतात. तीन आठवड्यांत पकड फारशी वाढत नाही, हे खरे. निदान ओपनर कुठल्या आकड्यावर ठेवायचा ते त्याला कळेल.

वजन घटवण्याबद्दल मात्र आम्हाला सविस्तर आणि कळकळीने लिहायचे आहे. वजन-नोंदणी स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते आणि दीड तास चालते. म्हणजे काट्यावरून उतरल्यापासून पहिल्या स्क्वॉटपर्यंत कुणाला दोन तास मिळतात, तर कुणाला जेमतेम अर्धा. पाणी तोडून दोन-तीन किलो उतरवलेल्या शरीराला एवढ्या वेळात सावरता येत नाही. पायात गोळे येतात, बेंचला हात थरथरतात आणि डेडलिफ्टपर्यंत पोचताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर उत्तेजकविरोधी यादीत कायमच्या बंदी घातलेल्या आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. म्हणून नवोदितांच्या स्पर्धेत एक सोपी सवलत जाहीर करा: काट्यावर जास्त भरला तर दंड नाही, बाद नाही, सरळ वरच्या वजनगटात नोंद. 74 किलोच्या गटात नाव दिलेला मुलगा 74.6 भरला तर त्याने 83 च्या गटात खेळावे. बादलीत थुंकत धावू नये. ही सवलत उचलीच्या नियमांना धक्का लावत नाही, पण घरातून निघताना उपाशी राहण्याचे कारणच काढून टाकते. नोंदणी बंद दाराआड होऊ द्या, मुलींसाठी महिला अधिकारी असू द्या, आणि कुणाचे वजन दारात उभे राहून मोठ्याने वाचले जाणार नाही एवढे पाहा.

वजन-नोंदणीच्या वेळीच रॅकची उंची आणि ओपनर लिहून घेतले जातात, आणि घोडे बहुतेकदा इथेच पेंड खाते. नवोदित घाईत अंदाजे आकडा सांगतो. मग प्लॅटफॉर्मवर बार उचलताना त्याला टाचा वर कराव्या लागतात, एक बाजू हुकातून सुटते, दुसरी अडकते, आणि पहिलाच स्क्वॉट तिरका बसतो. त्यापेक्षा स्पर्धेचाच रॅक एक तास आधी मोकळा ठेवा, शेजारी एक माणूस बसवा आणि प्रत्येकाला रिकाम्या बारखाली उभे करून उंची ठरवू द्या. दोन उंचींत मन अडकले तर खालची निवडावी. खालून बार काढताना गुडघे थोडे जास्त वाकतात इतकेच. बेंचला बार ठेवायची उंची आणि सुरक्षा-आधाराची उंची अशा दोन्ही नोंदवा. आधार इतका असावा की छाती फुगवलेली असताना बार त्याला लागत नाही आणि उचल फसून छाती सपाट झाली तर बार गळ्यावर न येता आधारावर टेकतो. ज्यांचे पाय जमिनीवर सपाट टेकत नाहीत त्यांच्यासाठी ठोकळे ठेवा. नियमात 30 सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीचे ठोकळे चालतात, आणि लहान वयोगटात ते हमखास लागतात.

आता ओपनर. एकदा मागितलेल्या वजनाखाली पुढच्या प्रयत्नात जाता येत नाही, हा नियम पुष्कळ नवोदितांना प्लॅटफॉर्मवरून उतरल्यावर कळतो. 150 वर उघडले आणि डेप्थ मिळाली नाही, तर दुसरा प्रयत्न 150 किंवा त्याहून जास्तच. सापळा हाच आहे. ओपनर म्हणजे थकलेल्या दिवशीही तीन वेळा स्वच्छ मारता येईल असे वजन. पूर्ण डेप्थने सरावात 150 किलो एकदा गेले असेल तर उघडावे 137.5 वर, दुसरा 145, आणि तिसरा दुसऱ्याचा वेग पाहून 150 किंवा 152.5. ‘पूर्ण डेप्थने’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. व्यायामशाळेतला अर्धा स्क्वॉट धरून काढलेली टक्केवारी काहीही सांगत नाही. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक एकट्या आलेल्या लिफ्टरला एवढाच प्रश्न विचारावा: हे वजन तू पंचांसमोर तीनदा मारशील का? चेहरा पडला तर कमी करायला सांगा. फेरी सुरू होण्याआधी ठरलेल्या मुदतीपर्यंत ओपनर एकदा बदलता येतो, हेही त्याला तिथेच सांगून टाका.

वॉर्म-अपच्या जागेकडे संयोजक सगळ्यात शेवटी बघतात. आमच्या मते पहिली नजर तिथेच जायला हवी, कारण सजवलेल्या प्लॅटफॉर्मवर लिफ्टर जेमतेम एक मिनिट असतो आणि वॉर्म-अपच्या कोपऱ्यात अर्धा तास. आळीपाळीने एकत्र उचलणाऱ्या चौदा जणांच्या गटाला (हा वजनगट नव्हे) किमान तीन रॅक, तीन बेंच आणि डेडलिफ्टसाठी तीन बार लागतात. एका बारवर पाच जणांच्या वर गर्दी झाली की प्लेटा चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो आणि सगळ्यात अबोल मुलाची पाळी राहून जाते. 1.25 आणि 2.5 च्या प्लेटा कमी पडतातच, त्या दुप्पट आणा. खडू दोन ठिकाणी ठेवा. आणि बार शक्यतो प्लॅटफॉर्मवर असेल तसाच असू द्या. स्पर्धेचा बार 28 ते 29 मिलिमीटर जाडीचा आणि खरखरीत असतो. गुळगुळीत बारवर सराव केलेल्याला तो पाठीला टोचतो आणि तळहाताला लागतो. त्या टोचण्याची ओळख आत झालेली बरी.

137.5 ला उघडणाऱ्याचा वॉर्म-अप साधारण असा जातो: रिकामा बार दहा वेळा, 60 पाच वेळा, 90 तीन वेळा, 110 दोन वेळा, 125 एकदा. शेवटची जड, एकदाच मारायची उचल प्लॅटफॉर्मवर जाण्याच्या सहा ते आठ मिनिटे आधी संपायला हवी. नवोदित दोन्हीकडे चुकतात: कुणी चाळीस मिनिटे आधीच संपवून थंड पडतो, कुणी पुकारा झाला तेव्हा 110 वरच असतो. यावर एकच इलाज आहे. वॉर्म-अपच्या जागेत क्रम दाखवणारा पडदा लावा. पडदा शक्य नसेल तर फळा ठेवा आणि एक स्वयंसेवक दर पाच प्रयत्नांनंतर तो बदलेल असे करा. दुसऱ्या गटाने घड्याळ न पाहता प्रयत्न मोजावेत. पहिल्या गटात चौदा जण असतील तर तीन फेऱ्यांचे बेचाळीस प्रयत्न होतात. प्रत्येकी सव्वा मिनिट धरले तर सुमारे त्रेपन्न मिनिटे. पहिला गट दुसऱ्या फेरीच्या मध्यावर आला की दुसऱ्या गटाने बारखाली जावे.

वेळापत्रकही याच हिशेबाने बांधा. चौदा जणांचे नऊ प्रयत्न म्हणजे 126. प्रत्येकी सव्वा मिनिटाने दोन तास अडतीस मिनिटे होतात. नवोदितांना प्रत्येकी दीड मिनिट धरा. तसे तीन तास नऊ मिनिटे होतात, त्यात उचलींमधली मध्यंतरे वेगळी. एका गटात वीस-बावीस जणांना कोंबून वेळ वाचत नाही. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा तास जातो आणि स्नायू गार पडतात. उलट पाचच जण उरले तर प्रत्येकाला पाच-सहा मिनिटांतच परत बारखाली जावे लागते, म्हणून सहापेक्षा कमी असतील तेव्हा फेरीला भरपाईची मिनिटे जोडायची तरतूद नियमातच आहे: पाच जणांना एक, चौघांना दोन, तिघांना तीन. ती विसरू नका. एकच गट असेल तर स्क्वॉट आणि बेंच यांच्यामध्ये पूर्ण वीस मिनिटे द्या, नाहीतर बेंचचा वॉर्म-अप करणार कधी?

आता आज्ञांकडे येतो. आमच्या अनुभवात नवोदितांचे सगळ्यात जास्त प्रयत्न इथेच वाया जातात, आणि ते वाचवणे सगळ्यात सोपे आहे. स्क्वॉटला दोन आज्ञा: ‘स्क्वॉट’ आणि ‘रॅक’. बेंचला तीन: ‘स्टार्ट’, ‘प्रेस’, ‘रॅक’. डेडलिफ्टला सुरुवातीची आज्ञा नाही, फक्त शेवटी ‘डाउन’. कागदावर हे चार ओळींत मावते, पण शरीराला ते सवयीनेच कळते. म्हणून पहिल्या गटाच्या वॉर्म-अपआधी वीस मिनिटांची नियम-बैठक घ्या आणि ती भाषणाची करू नका. रिकामा बार घ्या, मुख्य पंचाला त्याच्या खऱ्या जागेवर बसवा, आणि ज्यांची पहिली स्पर्धा आहे त्या प्रत्येकाला तिन्ही उचली आज्ञांसकट एकदा करायला लावा. चौदा जणांना रिकाम्या बारने हे पटकन होते. गर्दी असेल तर निदान बेंच तरी करून घ्या.

या बैठकीत कुठे चुकते ते दाखवा. स्क्वॉटमध्ये लिफ्टर वर येतो, सुटकेचा श्वास टाकतो आणि ‘रॅक’ ऐकण्याआधीच पाऊल पुढे टाकतो. उचल उत्तम असूनही बाद. सुरुवातीला गुडघे सरळ करून स्थिर उभा राहिल्याशिवाय ‘स्क्वॉट’ ही आज्ञा मिळणारच नाही, आणि थांबलेला लिफ्टर पंच झोपले की काय असे वाटून खाली बसतो. डेप्थ म्हणजे मांडीचा सांध्याजवळचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जाणे. हे शब्दांत कळत नाही, बाजूने मोबाइलवर चित्रण करून त्याचे त्याला दाखवा. बेंचला डोके, खांदे आणि कुल्ले बाकाला टेकलेले आणि तळपाय पूर्ण सपाट राहिले पाहिजेत. वजन जड झाले की नवोदिताची टाच उठते किंवा तो बार बघायला मान उचलतो. दोन्ही तर्जन्यांमध्ये 81 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. बारवरच्या खुणा त्यासाठीच आहेत. बार छातीवर आल्यावर कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या माथ्याइतकी किंवा त्याखाली गेली पाहिजे, ही अट 2023 पासून लागू झाली. व्यायामशाळेतल्या जुन्या जाणत्यांनाही ती माहीत नसते. डेडलिफ्टमध्ये सगळ्यात दुःखद चूक म्हणजे लॉकआउट झाल्याबरोबर, म्हणजे गुडघे आणि पाठ सरळ होताच, आनंदाने बार सोडून देणे. ‘डाउन’ ऐकायचे, मग दोन्ही हात बारवर ठेवून तो जमिनीपर्यंत न्यायचा.

प्लॅटफॉर्मवरच्या मंडळींविषयी दोन गोष्टी. एका वेळी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर-लोडर, म्हणजे बार सावरणारे आणि प्लेटा चढवणारे, चालतात. स्क्वॉटला तीनपेक्षा कमी ठेवू नका, दोन बाजूंना आणि एक मागे. बाजूच्या दोघांनी बार धरायचा तर एकाच क्षणी. एकाने आधी उचलला तर बार तिरका होऊन कंबर पिळली जाते, आणि ही इजा पडलेल्या बारपेक्षा वाईट असते. मागच्याने हाक द्यावी, ‘घ्या’ म्हटल्यावरच दोघांनी उचलावे, असे आधी ठरवून तालीम करा. कुणीही बाजूच्या पंचाच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नये. पंचाला डेप्थ दिसली नाही तर दोष लिफ्टरच्या माथी येतो. आणि तीच माणसे दिवसभर राबवू नका, थकलेल्या स्पॉटरचे हात उशिरा पोचतात.

लोडिंगची नेहमीची चूक कॉलर, म्हणजे प्लेटा घट्ट धरणाऱ्या कड्या, हिशेबात विसरण्याची. बार 20, दोन कॉलर 2.5 चे, म्हणजे सुरुवात 25 पासून. 137.5 साठी उरतात 112.5, प्रत्येक बाजूला 56.25: 25, 25, 5, 1.25. जड प्लेट आत, हलकी बाहेर, आणि 25 च्या प्लेटा लाल, 20 च्या निळ्या, 15 च्या पिवळ्या असल्या की नोंदी ठेवणाऱ्या टेबलावरून नजरेनेही पडताळता येते. तयार तक्ता दोन्ही बाजूंच्या लोडरपाशी चिकटवा. चुकून कमी वजन चढले आणि उचल यशस्वी झाली तर ती स्वीकारायची की मूळ वजन पुन्हा मारायचे, हा निर्णय लिफ्टरचा असतो. चुकीच्या वजनावर प्रयत्न फसला तर मूळ वजनाचा आणखी एक प्रयत्न मिळतो. नवोदित हे मागणार नाही, कारण असे काही मागता येते हेच त्याला ठाऊक नसते. टेबलाने स्वतःहून सांगावे.

तसेच पुढच्या वजनाचे. प्रयत्न संपल्यापासून एका मिनिटात पुढचा आकडा द्यावा लागतो. दिला नाही तर यशस्वी उचलीनंतर आपोआप 2.5 किलो वाढतात आणि बाद उचलीनंतर तेच वजन राहते. एकटा आलेला लिफ्टर श्वास घेत खुर्चीवर बसतो तोवर मिनिट संपते. प्लॅटफॉर्मवरून उतरायच्या पायरीपाशी पेन-चिठ्ठ्या घेऊन एक माणूस उभा करा. त्याने प्रत्येकाला थांबवून आकडा विचारायचा आणि टेबलावर पोचवायचा. या एका माणसाने किती प्रयत्न वाचतात ते दुसऱ्या फेरीपर्यंत तुम्हाला दिसेल.

पंच मित्रांनो, तुमच्याकडे आमचे मागणे लहान आहे. तीनपैकी दोन पांढरे दिवे लागले की उचल मान्य, हे ठीक. पण लाल दिवा दिल्यावर बाद होण्याचे कारण सांगणारे रंगीत कार्ड वर धरा आणि ते लिफ्टरला दिसेल इतका वेळ धरा. नवोदिताला लाल, निळ्या, पिवळ्या कार्डांचा अर्थ माहीत नसतो, म्हणून फेरी न थांबवता चिठ्ठीवाल्या माणसाला कारण कळेल अशी सोय करा, तो सांगेल. स्क्वॉट डेप्थसाठी बाद झाला असेल तर पुढचे वजन वाढवायचे नसते. ताकदीअभावी बाद झाला असेल तर हिशेब वेगळा. कारण न कळलेला मुलगा निव्वळ चिडून पाच किलो वाढवतो.

बक्षिसांबाबत आमच्यात मतभेद झाले. वजनगटांची पदके आणि गुणांवरून सर्वोत्तम लिफ्टर, हे तर असतेच. नऊपैकी नऊ प्रयत्न मान्य करून घेणाऱ्या प्रत्येकाला वेगळे प्रमाणपत्र द्यावे असे आमच्यातल्या बहुतेकांना वाटते. त्याने मुले फार राखून खेळतील, ही शंका रास्त आहे. तरीही पहिल्या स्पर्धेत राखून खेळणे हा दोष नाही, असेच आम्ही मानतो.

भुकटीच्या डब्यांचा विषय नियम-बैठकीतच काढा. ‘प्री-वर्कआउट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत मिथाइलहेक्झानामीनसारखी, स्पर्धेच्या काळात बंदी असलेली उत्तेजके सापडलेली आहेत, आणि अशा घटकाचे नाव लेबलवर असेलच असे नाही. अजाणता घेतले तरी जबाबदारी खेळाडूचीच ठरते. डॉक्टर सभागृहात असावा, बाहेर जायची वाट खुर्च्यांनी अडवू नये. डेडलिफ्टनंतर भोवळ येऊन पडणारे असतात, म्हणून उतरताना जवळ कुणीतरी असावे. तळहाताची साल निघून बारवर रक्त लागले तर जंतुनाशकाने पुसूनच पुढचा पुकारा करा.

स्पर्धा संपल्यावर निकालपत्रक सगळेच लावतात. त्याबरोबर प्रत्येक नवोदिताला त्याच्या नऊ प्रयत्नांची चिठ्ठी हातात द्या: वजन, दिवे, आणि बाद प्रयत्नांपुढे दोन शब्दांत कारण. ‘डेप्थ’, ‘टाच’, ‘आज्ञेआधी’. टेबलावरच्या माणसाने दिवसभर हे बाजूला टिपत गेले तर शेवटी वेगळे काम उरत नाही. सोमवारी सरावाला जाताना त्याच्या खिशात तो कागद असेल.

आपले,
काही प्रशिक्षक, पंच आणि लोडर